तिथं आधी काही नव्हतं

आमच्या गावात मोबाइलला रेंज मिळते ती फक्त माळवदावर, तीही पूर्वेच्या कोपऱ्यात. २० मे २०२३ला, शनिवारी सकाळी, अंथरुणं गोळा करायला वर गेले आणि फोन वाजायचा थांबेना. आकाशनिरीक्षणाच्या ग्रुपवर एकच बातमी चाळीसेक जणांनी पाठवली होती. एम १०१ दीर्घिकेत सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन मरणारा तारा, दिसलाय. जपानमधल्या यामागाताचे कोइची इतागाकी यांनी आदल्या रात्री तो टिपला, प्रत १४.९. प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. दिलेली वेळ मी आपल्या घड्याळात बदलून पाहिली, तर ती निघाली शुक्रवारी रात्री अकराला तीन मिनिटं कमी.

शुक्रवारी रात्री अकराला तीन मिनिटं कमी असताना मी ह्याच माळवदावर, दुर्बिणीशेजारी बसले होते.

मी साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर माहेरी, माण तालुक्यात येते. पाऊस कमी, झाडी कमी, वस्ती विरळ. त्यामुळे रात्र अजून बऱ्यापैकी काळी राहिली आहे. त्या शुक्रवारी वैशाखातली अमावस्या होती. पुतण्या ओमकारला मी दक्षिणेकडचा ओमेगा सेंटॉरी दाखवत होते. क्षितिजापासून जेमतेम पंचवीस अंशांवर येणारा हा तारकागुच्छ आपल्याकडून दिसतो, युरोपातल्या बहुतेकांना दिसतच नाही, म्हणून दर मे महिन्यात तो बघायचाच असा माझा नेम आहे. त्याच वेळी एम १०१ उत्तरेला बरोबर मध्यावर होती, म्हणजे माझ्या पाठीमागे. १४.९ प्रतीचा ठिपका माझ्या आठ इंची दुर्बिणीतून डोळ्याला दिसलाच नसता, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी ती पाठ फिरवलेली वेळ दिवसभर मनातून जाईना.

एम १०१ ही सप्तर्षीच्या शेपटीजवळची दीर्घिका. आमच्याकडे सप्तर्षीला बाज म्हणतात. चार ताऱ्यांची म्हातारीची बाज, आणि ती पळवायला आलेले तीन चोर. मधला चोर म्हणजे वसिष्ठ, त्याला चिकटून अरुंधती. शेवटचा चोर म्हणजे मरीची. ह्या दोघांना पाया धरून उत्तरेच्या अंगाला समभुज त्रिकोण काढला की तिसऱ्या टोकाला एम १०१ येते. अंतर सुमारे दोन कोटी दहा लाख प्रकाशवर्षं. ती आपल्याकडे अगदी तोंड करून बसलेली आहे, त्यामुळे तिचा प्रकाश मोठ्या जागेवर पसरतो आणि शहरातून ती जवळजवळ दिसतच नाही. तिच्यात याआधी चार सुपरनोव्हा नोंदले गेले होते: १९०९, १९५१, १९७० आणि २०११ साली. २०११चा फार तेजस्वी होता, पण तो भरात आला सप्टेंबरात, आपल्या पावसाळ्यात. हा मात्र मे महिन्यात, अमावस्येला, सप्तर्षी डोक्यावर असताना आला होता. असा योग पुन्हा मिळायचा नाही असं वाटलं.

आणि शनिवारी दुपारी चारला वळवाचे ढग आले. साडेपाचला वारा, धूळ, मग अर्धा तास टपोरा पाऊस. गावाला त्या पावसाचा आनंद झाला, मलाही व्हायला हवा होता. रात्री दोनपर्यंत मी दर अर्ध्या तासानं जिना चढून वर जात होते. ईशान्येला विजा चमकत राहिल्या, तारा एकही दिसला नाही.

तो रिकामा वेळ मी वहीत घालवला. माझ्याकडे निरीक्षणाच्या तीन वह्या आहेत. पानावर वाटी उपडी ठेवून पेन्सिलीनं वर्तुळ काढायचं, ते दुर्बिणीतलं दृश्यक्षेत्र, आणि त्यात दिसतील ते तारे टिंबांनी मांडायचे. दुसऱ्या वहीत ३० एप्रिल २०२२च्या तारखेला एम १०१चं चित्र होतं. त्याआधी ती मी एकदाच काढली होती, ह्याच माळवदावरून. वही हाताला लागली, पण ते पान मी मुद्दाम उघडलं नाही. ओमकार म्हणाला, "आत्या, बघ की, म्हणजे कुठं शोधायचं ते कळेल." मी नको म्हटलं. आधी नव्यानं काढायचं, मग जुनं उघडायचं. नाहीतर डोळा आधीच्या चित्रातलं बघतो, आकाशातलं बघत नाही.

रविवारी, २१ मेला, संध्याकाळी आकाश धुऊन निघालं होतं. पश्चिमेला शुक्र, त्याच्या खाली चंद्राची बारीक कोर, ती लवकर मावळली. मारुतीच्या देवळापुढं नवा सौर दिवा बसवला आहे, त्याचा पांढरा झोत थेट आमच्या अंगावर येतो. म्हणून दुर्बीण माळवदावर न ठेवता खाली परड्यात, कडब्याच्या गंजीआड लावली. जमिनीवर बसायच्या आधी बॅटरीनं विंचू पाहून घ्यावे लागतात, हे आमच्याकडचं आणखी एक काम. नऊ वाजता दुर्बिणीचा आरसा बाहेरच्या हवेला सोडला. दिवसभर चाळिशीत तापलेला आरसा लगेच वापरला तर तारे उकळल्यासारखे दिसतात. मग पाऊण तास अंधारात नुसतं बसायचं, डोळे अंधाराला पूर्ण सरावेपर्यंत. मोबाइल बंद, फक्त लाल कागद लावलेली छोटी बॅटरी.

दहाला सुरुवात केली. आधी कमी वर्धनाच्या नेत्रिकेतून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून. वसिष्ठापासून पूर्वेला ताऱ्यांची एक ओळ निघते, तिच्यावरून उडी मारत मारत गेलं की एम १०१ला पोचता येतं. दीर्घिका म्हणजे काय, तर काचेवर तोंडाची वाफ बसावी तसा एक गोलसर फिकटपणा. दुर्बीण जरा हलवली की तो जाणवतो, स्थिर ठेवली की विरतो. मग वर्धन वाढवलं. वहीवर वाटी ठेवून वर्तुळ काढलं आणि टिंबं मांडायला लागले. वरच्या बाजूला तिघांचा छोटा त्रिकोण. डावीकडे एक ठळक. मधला फिकटपणा बोटानं शिसं घासून दाखवला. कडेला एक अस्पष्ट गाठ, ती बहुधा एनजीसी ५४६१, ह्या दीर्घिकेतला तारे जन्मण्याचा मोठा ढग. आणि त्या गाठीला लागून एक टिंब, स्वच्छ, टोकदार. मी ते इतर टिंबांसारखंच मांडलं, काही खूण न करता. वर्तुळ पूर्ण व्हायला चाळीस मिनिटं लागली.

मग लाल उजेडात जुनं पान उघडलं आणि दोन्ही वह्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या. जुन्या पानावर नऊ तारे होते, नव्यावर दहा.

मी एकेका ताऱ्याची जोडी लावत गेले. वरचा त्रिकोण दोन्हीकडे. डावीकडचा ठळक दोन्हीकडे. नऊ जोड्या लागल्या. गाठीशेजारचं दहावं टिंब जिथं होतं तिथं २०२२च्या पानावर कोरा कागद होता, खोडलेलंही काही नव्हतं. ते कोरेपण मी तेरा महिन्यांपूर्वी माझ्या हातानं, नकळत, नोंदवून ठेवलं होतं. बातमी मला आधीच कळलेली होती, जागाही ठाऊक होती, शोध माझा नव्हता. तरीही अंगावर काटा आला. कुणीतरी सांगितलं म्हणून आता मला हे मानायचं नव्हतं. माझ्या वहीत ते दिसत होतं.

आता तेज किती ते ठरवायचं. बदलत्या ताऱ्यांच्या नोंदी जमवणारी एक जुनी अमेरिकी संस्था आहे, ए.ए.व्ही.एस.ओ., १९११ सालची. जगभरचे हौशी लोक तिला आपले अंदाज पाठवतात. तिचे नकाशे मिळतात, त्यांवर आसपासच्या स्थिर ताऱ्यांच्या प्रती छापलेल्या असतात, पण दशांशचिन्हाशिवाय. ११.८ असेल तर ११८. टिंब दिलं तर ते तारा समजलं जाईल, म्हणून. आपल्या ताऱ्याहून किंचित तेजस्वी एक आणि किंचित मंद एक असे दोन तारे निवडायचे, आणि आपला तारा त्या दोघांमध्ये कुणाच्या किती जवळ आहे ते मनाशी दहा भाग करून ठरवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण थेट रोखून बघितलं तर मंद तारा विझतो. नजर जरा बाजूला ठेवायची आणि लक्ष मात्र ताऱ्याकडे. शिवाय नवीन तारा म्हटलं की मन त्याला उगाच उजळ करतं. मी तीन वेळा अंदाज घेतला, दर वेळी दुर्बिणीपासून उठून, चार पावलं चालून आल्यावर. ११.७, ११.५, ११.६. वहीत ११.६ लिहिलं. दोन दिवसांपूर्वी १४.९ असलेला तारा वीसपटीच्या आसपास उजळला होता.

अण्णांना झोप कमी. ते बाजेवरून उठून परड्यात आले. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी त्यांना उपड्या पाटीवर बसवलं.

"कुठं हाय?"

"मधी धूर दिसतोय का, अण्णा? त्याच्या कडेला एक टिपका. त्याच्याकडं नका बघू. बाजूच्या मोठ्या चांदणीकडं बघा, पन ध्यान टिपक्यावर ठेवा."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हाय… गेला… हाय." परत थोड्या वेळानं, "मेलेला तारा म्हनतीस ना ह्यो? मग पेटला कसा?"

शाळेत हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवते. तिथं आकृतीचा उपयोग नव्हता. पण आमची विहीर होती. ती बहात्तरच्या दुष्काळात अण्णांनी खणली, आणि अर्धी खणून झाली असताना एका रात्री तिचं कडं आतल्या आत ढासळलं. मी म्हटलं, मोठ्या ताऱ्याच्या पोटात आच पेटलेली असते तोवर ती वरचं सगळं वजन पेलून धरते. आधी हायड्रोजन जळतो, मग हेलियम, मग त्याहून जड, असं करत करत पोटात लोखंड साचतं. लोखंड जाळून आच मिळत नाही. मग आधार संपतो आणि गाभा एका सेकंदाच्या आत ढासळतो, आणि त्या धक्क्यानं बाहेरचा सगळा पसारा उधळला जातो.

"आन बाहेर कळतं कधी?"

हा प्रश्न माझ्या वर्गात आजपर्यंत कुणी विचारला नव्हता. आत गाभा ढासळतो तेव्हा बाहेरून तारा शांतच असतो. इतक्या फुगलेल्या तांबड्या महाराक्षसी ताऱ्यात धक्का पृष्ठभागापर्यंत यायला दिवसभराच्या आसपास वेळ लागतो. तोवर फक्त न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ कशालाच न अडणारे सूक्ष्म कण, बाहेर पडलेले असतात, आणि इतक्या लांबून आलेले ते आपल्याला पकडता येत नाहीत.

अण्णा म्हणाले, "विहिरीचं बी सकाळीच कळलं हुतं. रात्री कुनाला आवाज बी आला नाय."

मग हा उजेड निघून किती काळ झाला ते विचारलं. मी दोन कोटी दहा लाख वर्षं म्हटलं. आकडा मोठा आहे, त्याला धरायला काही नाही. म्हणून पायाखालचा काळा दगड दाखवला. तो ज्या लाव्हाचा, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. म्हणजे हा उजेड तिकडून निघाला तेव्हा आपला हा खडक थंड होऊन जवळजवळ साडेचार कोटी वर्षं झाली होती. अण्णांनी हातानं दगड चाचपला आणि पुन्हा नेत्रिकेला डोळा लावला.

पुढचे दिवस मी रोज रात्री नोंद घेतली. मंगळवारी, २३ला, ११.१. त्यानंतर वाढ थांबली आणि तो अकराव्या प्रतीच्या आसपास रेंगाळला. ३१ मेनंतर चंद्र इतका उजळ झाला की दीर्घिका पूर्ण बुडाली आणि तिच्या जागी फक्त तो तारा उरला. ते दृश्य मला विचित्र वाटलं. दीर्घिका नाही, पण तिच्यातला एकटा तारा दिसतोय. जूनमध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ आलं, पाऊस लांबला, आणि तरी ढग होतेच. माझी शेवटची नोंद १२ जूनची. शाळा सुरू झाली. २५ जूनला मोसमी पाऊस मुंबई आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला, आणि माझ्यापुरता तो तारा संपला. ह्या प्रकारचा सुपरनोव्हा भर ओसरल्यावर अडीच-तीन महिने जवळजवळ एकाच तेजावर टिकतो आणि मग एकदम खाली येतो. तो सगळा टप्पा ऑगस्टपर्यंत चालला आणि आमच्यावर पाऊस पडत होता. आपल्या निरीक्षकांच्या आलेखांना पावसाळ्याचं असं भगदाड कायमचं असतं. त्याची हळहळ मला अजून वाटते.

त्या पावसाळ्यात मी ह्या ताऱ्याबद्दल मिळेल ते वाचलं. त्याचं नाव एसएन २०२३आयएक्सएफ. वर्षातल्या पहिल्या सव्वीस नोंदींना ए ते झेड, मग दोन अक्षरं, मग तीन. ओमकारनं वहीत गणित मांडलं, आयएक्सएफ म्हणजे त्या वर्षातली ६,७१४वी नोंद. १९ मेपर्यंत! म्हणजे रोज अठ्ठेचाळीसच्या आसपास नवे ठिपके जगभरातून नोंदले जात होते. नोंदताना नावापुढे 'एटी' लागतं. वर्णपट घेऊन, म्हणजे उजेडाची रंगारंगांत फोड करून, खात्री पटली की 'एसएन', म्हणजे सुपरनोव्हा. ह्याचा वर्णपट शोधानंतर काही तासांतच घेतला गेला, आणि त्यात हायड्रोजन सापडला म्हणून तो दुसऱ्या प्रकारचा ठरला. शिवाय त्यात अगदी थोडे दिवस टिकणाऱ्या रेषा होत्या. मरण्याआधीच्या वर्षांत ताऱ्यानं स्वतःभोवती वायूचं दाट आवरण टाकलं होतं, त्यावर स्फोटाचा उजेड पडून ते काही दिवस पेटल्यासारखं चमकलं. लडाखमधल्या हानले इथून आपली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आणि आयआयटी मुंबई व भारतीय ताराभौतिकी संस्थेची सत्तर सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण ह्या ताऱ्याकडे वळल्या होत्या. वरून ॲस्ट्रोसॅट उपग्रहानं अतिनील किरणांत त्याचा वेध घेतला. मी परड्यात बसले होते त्या दिवसांत.

पण सगळ्यात जास्त मला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. स्फोट नेमका कधी झाला हे ठरवायला शास्त्रज्ञांना हौशी लोकांचे फोटो उपयोगी पडले. १८ आणि १९ मेच्या रात्री अनेक देशांत कुणी ना कुणी एम १०१चा सुंदर फोटो काढावा म्हणून कॅमेरा लावून बसलं होतं. त्यांतल्या कुणालाही सुपरनोव्हा शोधायचा नव्हता. काहींच्या फोटोत त्या जागी काहीच नव्हतं, काहींच्या फोटोत, इतागाकींच्या आधी काही तास, अगदी मंद ठिपका आलेला होता आणि फोटो काढणाऱ्याच्या तो लक्षात आला नव्हता. ह्या दोन्ही फोटोंच्या वेळा जुळवून पहिल्या उजेडाची वेळ काही तासांच्या मर्यादेत आणता आली. ज्या फोटोत काहीच नव्हतं तोही तेवढाच कामाचा ठरला.

सुपरनोव्हाची नोंद करायचा अर्ज मी त्यानंतर नीट पाहिला. ठिपका कुठे, किती तेजस्वी, कधी, हे तर विचारतातच. पण आणखी एक रकाना असतो: शेवटचा कधी तो तिथे नव्हता, आणि तेव्हा तुम्हाला किती मंद तारा दिसू शकत होता? हे वाचून मला माझी वाटीची वर्तुळं आठवली.

ऑस्ट्रेलियातले रॉबर्ट इव्हान्स नावाचे पाद्री होते. त्यांनी शेकडो दीर्घिकांभोवतीचे तारे पाठ केले होते आणि नुसत्या डोळ्यांनी, दुर्बिणीतून बघत, चाळीसहून अधिक सुपरनोव्हा शोधले. पाठांतर म्हणजे तरी काय, कुठे काय नाही हे लक्षात असणं. इतागाकींचं नाव दीडशेहून अधिक शोधांवर आहे. माझी तेवढी स्मरणशक्ती नाही. म्हणून दिवाळीत मी वापरलेली सहा इंची दुर्बीण, ताऱ्यांबरोबर फिरणारा मोटारीचा माउंट आणि काळापांढरा कॅमेरा घेतला, आणि चाळीस दीर्घिकांची यादी केली. प्रत्येकीचे साठ साठ सेकंदांचे दहा फोटो, ते एकावर एक रचायचे, आणि मग जुना फोटो आणि नवा फोटो संगणकावर आलटून पालटून दाखवायचे. जे बदललं असेल ते लुकलुकतं.

लुकलुकणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात, हे पहिल्या महिन्यातच कळलं. कॅमेऱ्यातले गरम पिक्सेल दर फोटोत त्याच जागी चमकतात. वैश्विक किरण एकाच फोटोत एक तेज टिंब सोडून जातात. खरा तारा सगळ्या दहा फोटोंत असतो आणि इतर ताऱ्यांसारखाच जरा पसरलेला असतो. मार्च २०२४ मध्ये कन्या राशीतल्या एम ६१ दीर्घिकेजवळ मला असाच एक ठिपका सापडला, दहाही फोटोंत, गोल, स्वच्छ, प्रत सोळाच्या आसपास. एम ६१ मध्ये आजवर आठ सुपरनोव्हा नोंदले गेले आहेत, त्यामुळे मन लगेच धावलं. हात थरथरत होते. अर्ज उघडला, ठिपक्याची आकाशातली जागाही भरली. मग स्वतःला थांबवलं आणि पुन्हा फोटो घ्यायचं ठरवलं. चाळीस मिनिटांनी घेतलेल्या फोटोत ठिपका सरकला होता, थोडासाच, पण सरकला होता. लघुग्रह. कन्या रास सूर्यमार्गावरच आहे, तिथून लघुग्रहांची येजा चालूच असते. लघुग्रहांच्या यादीत तपासलं, तर तो नोंदलेलाही होता. त्या रात्री अर्ज पाठवला असता तर कुणीतरी मोठ्या दुर्बिणीचा वेळ त्यावर घालवला असता. तेव्हापासून माझा नियम आहे, अर्ध्या तासाचं अंतर ठेवून घेतलेला दुसरा फोटो असल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, ग्रुपवरसुद्धा नाही.

आता शोध यंत्रं लावतात, हे खरं आहे. हवाई, चिली आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ॲटलासच्या दुर्बिणी, अमेरिकेत पालोमारवरची झेडटीएफ, ह्या रात्रीमागून रात्र अख्खं आकाश चाळतात. झेडटीएफ ज्यांनी उभी केली ते श्रीनिवास कुलकर्णी मूळचे आपल्या कुरुंदवाडचे, ह्याचा मला अभिमान आहे. त्यांच्यापुढे माझ्या चाळीस दीर्घिका म्हणजे काय? पण सुट्टीच्या दिवशी, अंधार पडल्यावर, यादीतलं पहिलं नाव घेऊन माउंट फिरू लागला की हा प्रश्न मला पडत नाही.

९ एप्रिल २०२४ला गुढीपाडवा होता. मधल्या बुधवारची रजा टाकली, गुरुवारी ईदची सुट्टी, म्हणून तीन दिवस गावी गेले. बुधवारी रात्री कडब्याच्या गंजीआड नेहमीची यादी घेतली. त्यात वासुकीतली एनजीसी ३६२१ होती, दक्षिणेला, चाळीस अंशांच्या आतच वर येते. एम १०१ इतकीच लांब. रात्री नऊ चाळीसला तिचे दहा फोटो घेतले, मार्चमधल्या फोटोशी लुकलुकवले. काहीच बदललं नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी साताऱ्याला परतले.

शुक्रवारी सकाळी बातमी आली. ॲटलासला एनजीसी ३६२१ मध्ये ११ एप्रिलला नवा ठिपका सापडला होता, आणि तो भराभर उजळत होता. एसएन २०२४जीजीआय. भारतीय वेळेनं ती नोंद गुरुवारी सकाळी नऊच्या आसपासची. माझे फोटो त्याआधी साधारण अकरा तासांचे.

शाळेतून आल्यावर मी ते दहाही फोटो पुन्हा उघडले. ठिपक्याची नेमकी जागा काढली, तिथं कमाल मोठं करून पाहिलं. दाणेदार करडा रंग, बाकी काही नाही. माझ्या कॅमेऱ्याची त्या रात्रीची मर्यादा साडेसोळा प्रतीची होती. मोठ्या दुर्बिणींकडे त्याहून कितीतरी खोल फोटो असणार, त्यामुळे माझ्या नोंदीवाचून कुणाचं अडणार नव्हतं. तरी मी ती नीट लिहून काढली आणि पाठवली: वेळ, जागा, मर्यादा, निकाल. शनिवारी साताऱ्यात गच्चीवरून, शहराच्या उजेडातही, त्याच जागी तारा आला. ओमकारला फोनवर दोन्ही फोटो पाठवले. त्यानं एकच विचारलं, "आत्या, आधीचा कुठला?"

वहीत मी दोन्ही एकाखाली एक डकवले आहेत. वरच्याखाली लिहिलंय: १० एप्रिल २०२४, रात्री ९:४०, माण. काही नाही.